म्हातारपणची काठी

मंडळी, मुलाला आपण म्हातारपणची काठी म्हणतो. पण तलासरी तालुक्यात झरीच्या आसपासची पुष्कळ तरुण माणसे वापी, उंबरगाव, बोईसरकडे कामाला जातात. मग दिवसभर घरी एकट्या असलेल्या आजीने लोटाभर पाणी घ्यायचे, परसाकडे जायचे, ते कुणाच्या आधाराने? तिथे हातातली खरी काठीच उपयोगी पडते.

याच झरीला २३ मे १९४५ रोजी वारली बांधवांची मोठी सभा भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. दुसऱ्याच्या हुकमाने उठायचे-बसायचे नाही, असे ज्या गावाने सांगितले, तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्या मर्जीने उठता-बसता यावे, हे काही फार मोठे मागणे नव्हे.

साधने मिळण्याची सोयही झाली आहे. केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना काढली. तिच्यात साठीच्या पुढच्या गरीब माणसांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, चाकाची खुर्ची अशा वस्तू देण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षे पूर्ण झालेल्या गरजूंना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. नियम बदलतात, तेव्हा ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

पण बरं का, साधन घरी आले म्हणजे काम झाले असे नाही. मापाचे नसेल तर ते खुंटीलाच टांगलेले राहते.

काठीचे माप सोपे आहे. माणसाला नेहमीच्या चपला घालून ताठ उभे करावे, हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच असावी. उंच काठीने खांदा दुखतो, आखूड काठीने कंबर वाकते. आता ती धरायची कोणत्या हातात? उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडली, की पायावरचा भार काठीवर वाटला जातो. पायरी चढताना आधी चांगला पाय टाकावा. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. काठीच्या टोकाचे रबर पावसाळ्यापूर्वी पाहावे. ते झिजून गुळगुळीत झाले असेल, तर ओल्या जमिनीवर काठीच घसरते.

श्रवणयंत्राची तऱ्हा निराळी. ते आवाज मोठा करते, पण भांड्यांचा खडखडाटही मोठा करते. म्हणून पहिल्या दिवशीच कंटाळून काढून ठेवू नये. आधी शांत जागी एकाच माणसाशी थोडा वेळ बोलावे, मग वेळ वाढवीत न्यावी. ते घालण्यापूर्वी कानातला मळ डॉक्टरांना दाखवावा. यंत्राला ओल सोसत नाही. आंघोळीपूर्वी ते काढावे आणि पावसाळ्यात कोरड्या डबीत ठेवावे.

घरालाही थोडे हातपाय फुटले पाहिजेत. खाटेपासून दारापर्यंत वाट मोकळी ठेवावी. उंबऱ्याजवळ आणि मोरीत धरायला मजबूत बांबू पक्का बांधावा. रात्री हाताशी विजेरी असावी. याला खर्च थोडा, पण पडून खुबा मोडला तर म्हातारे माणूस अंथरुणालाच खिळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण इथे मोठे काम करू शकता. शाळेतल्या मोठ्या मुलांना हे माप शिकवा. प्रत्येकाने आपल्या घरच्या आजा-आजीची काठी पाहावी, रबर तपासावे, खुंटीवरचे यंत्र खाली काढून आजीच्या कानाला लावून पाहावे. अर्ज भरायला मास्तर आणि माप घ्यायला नातू असला, म्हणजे सरकारी साधन खऱ्या अर्थाने घरात आले असे समजावे.