अवंती: इंजिन पाठीशी, वारा कुशीत
मुंबईचे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार मांडली. दोन लिटरचे टर्बो इंजिन रेनोचे, ताकद सुमारे २५० अश्वशक्ती. रूपाच्या मानाने बेताचीच. इंजिन आसनांमागे, मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे वजन मध्याशी एकवटते आणि गाडी चटकन वळते. पण समोरचा वारा इंजिनाला थेट मिळत नाही. म्हणून अशा गाड्यांच्या कुशीत हवेसाठी मोठी तोंडे ठेवतात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती नुसती शोभेची ठरत नाहीत: तापलेली हवा विरळ असते, टर्बोने दाबल्यावर आणखी तापते, आणि इंटरकूलरने ती निववली नाही तर ताकद घटते. वेगाचे म्हणाल, तर समृद्धी महामार्गावरही मर्यादा ताशी १२० किलोमीटरचीच.