गोंधळात झील तुम्हीही धरा
गोंधळ नुसता बसून ऐकायचा नसतो, मंडळी! तुळजाभवानीच्या आमच्या धाराशिव जिल्ह्यात लग्नानंतर दारात गोंधळ घातला, की पाहुणेही गायला लागतात. नायक ओळ सोडतो, मागचे झीलकरी तिचं शेवटचं टोक उचलतात. दोनतीनदा तेच झालं की ते टोक आपसूक अंगणाच्या तोंडी येतं. पाठांतर लागत नाही. आवाहनात नायक एकेका गावच्या देवाला नाव घेऊन बोलावतो. झीलकऱ्यांचं उत्तर दर वेळी तेच. आपल्या कुलदैवताचं नाव आलं की कोपऱ्यातली आजीसुद्धा खणखणीत आवाज लावते.

एक अडचण मात्र खरी. नायकाची पट्टी उंच असते आणि संबळाच्या कडकडाटात सूर हरवतो. तुणतुण्याच्या एकुलत्या तारेकडे कान ठेवा. नाहीच जमलं तर ‘उदो उदो’ला तरी मागे राहू नका! पण गोंधळातली कथा सुरू झाली की गप्प बसा. तिथं मधेच तोंड घालणारे आणि हॉटेलात गायकाचा माईक ओढणारे, मला तरी सारखेच वाटतात.

आणि हो, सगळ्यांनी गायलं म्हणून गोंधळ्यांच्या बिदागीत हात आखडू नका. त्यांचं पोट त्यावर आहे.