कुणाला सांगू नका हं!

‘कुणाला सांगू नका हं!’ असं म्हणून सुरू झालेली गोष्ट ऐकायला कुणाला आवडत नाही? लग्नाच्या कार्यालयात दुसऱ्या पंगतीची वाट बघत बसलेल्या मंडळींत हे वाक्य किती वेळा उच्चारलं जातं, याची मोजदाद करावी एकदा! बोलणाऱ्याचं मन हलकं होतं, ऐकणाऱ्याचा वेळ बरा जातो. पण ऐकणारा लेखक असला तर? नातेवाइकांत मी जाऊन बसलो की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘जपून बोला रे, नाहीतर पुढच्या कादंबरीत जाल!’’ सगळे हसतात. मीही हसतो. पण या थट्टेमागची भीती खोटी नाही, हे मला ट्रुमन कपोटी या अमेरिकन लेखकाच्या कहाणीने चांगलंच शिकवलं.

कपोटीचा जन्म १९२४ चा. आईवडिलांचं पटलं नाही, त्यामुळे लहानपण अलाबामातल्या मन्रोव्हिल या छोट्या गावी नातेवाइकांकडे गेलं. एकाकी पोरगा लेखक झाला. १९६६ साली ‘इन कोल्ड ब्लड’ हे कॅन्सासमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या हत्येवरचं पुस्तक आलं आणि पैसा व कीर्ती यांचा पूरच लोटला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात त्याने मुखवटे घालून यायचा काळा-पांढरा नृत्यसमारंभ दिला. पाचशेच्या वर पाहुणे. आमंत्रण न आलेल्यांची झोप उडाली म्हणे.

अतिधनाढ्यांच्या देखण्या, मानी बायका या त्याच्या खास मैत्रिणी. तो त्यांना आपल्या हंसिणी म्हणे. बेब पेली ही सीबीएस या प्रचंड प्रसारण कंपनीच्या मालकाची पत्नी, त्याची सर्वांत लाडकी. स्लिम कीथ, ग्लोरिया गिनेस, सी. झेड. गेस्ट अशा आणखी कितीतरी. त्यांच्या नौकांवर हा, जेवणाच्या टेबलावर हा, सुट्टीच्या बंगल्यात हा. तो समलिंगी होता आणि ते लपवतही नव्हता, त्यामुळे नवऱ्यांना धास्ती नव्हती. तो हसवायचा, आणि त्याहून मोठं म्हणजे ऐकायचा. भल्यामोठ्या घरात ऐकणारं माणूस किती दुर्मीळ असतं!

‘आन्सर्ड प्रेयर्स’ या कादंबरीचा करार त्याने १९६६ सालीच केला होता. हस्तलिखित १९६८ च्या जानेवारीत द्यायचं होतं. ते आलं नाही. मुदती वाढत गेल्या आणि १९७५ च्या नोव्हेंबरच्या ‘एस्क्वायर’ मासिकात तिचं एक प्रकरण आलं: ‘ला कोत बास्क, १९६५’. त्या नावाच्या खऱ्याखुऱ्या रेस्टॉरंटात एक बाई जेवताजेवता उच्चभ्रूंची लफडी सांगते आहे, एवढंच त्याचं कथानक. नावं बदललेली, पण पडदा इतका झिरझिरीत की न्यूयॉर्कला एका दुपारीत सगळं कळलं. बोलणाऱ्या बाईत स्लिम कीथला आपलीच बोलण्याची ढब दिसली. एका बड्या माणसाच्या किळसवाण्या व्यभिचारात आपल्या नवऱ्याचं चित्र आहे, हे बेबने ओळखलं. ती तेव्हा कर्करोगाने आजारी होती. १९७८ साली ती गेली. तुटलेली मैत्री जुळली नव्हती. एकामागून एक दारं बंद झाली. आपण लेखक आहोत हे यांना ठाऊक नव्हतं का, असा त्याचा सवाल होता.

सवाल अगदीच फोल नाही. मी नोकरीभर बँकेत अधिकारी होतो आणि रात्री कादंबऱ्या लिहीत होतो, म्हणून तो मलाही चुकवता येत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत निष्ठेच्या आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. काउंटरच्या आत बसलेल्याला काय दिसत नाही? कुणाच्या पाटल्या सोनेतारणात पडल्या आहेत, कुणाचं पेन्शन कुठला मुलगा काढून नेतो, कुणाच्या ठेवीला घरच्यांना ठाऊक नसलेली नॉमिनी आहे. हे सारं माझ्या लिखाणात आलं का? आलं. पण जसं ठेवीदाराचे पैसे कर्जदाराकडे जातात तसं. शंभर जणांच्या ठेवी एकत्र होतात, मग त्यातून कर्ज दिलं जातं. कुणाची नोट कुणाकडे गेली, हे देवालाही सांगता येत नाही. कपोटीने मैत्रिणींनी ठेवलेली नोट तिच्या नंबरासकट चव्हाट्यावर मांडली.

तो स्वतःची तुलना मार्सेल प्रूस्तशी करी. प्रूस्तनेही पॅरिसच्या सरदारांच्या घरांत ऊठबस केली आणि त्यांनाच कादंबरीत आणलं. पण त्याची डचेस दोन-तीन बायकांमधून घडलेली आहे. तरीही त्यांतली एक, काउंटेस शेव्हिन्ये, दुखावली ती दुखावलीच. म्हणजे मिसळूनही कुणी दुखावणार नाही, अशी हमी नाही. लेखकाने ही जोखीम ओळखूनच लिहायचं असतं.

आणि खरी शिक्षा मिळाली ती हंसिणींना नव्हेच. अ‍ॅन वुडवर्ड ही कॅन्सासमधून आलेली, नाटक-नभोवाणीत काम केलेली मुलगी बँकर घराण्यात पडली. १९५५ साली रात्री चोर समजून तिने नवऱ्यावर गोळी झाडली. ग्रँड ज्यूरीने तिचं म्हणणं मान्य केलं. कपोटीने मात्र जेमतेम बदललेल्या नावाने तिला थंड डोक्याची खुनी ठरवलं. अंक बाजारात येण्याच्या सुमारास तिने जीवन संपवलं. तिने तो मजकूर आधीच पाहिला होता, असं लोक म्हणत. तिने कपोटीला काहीही विश्वासाने सांगितलं नव्हतं. तिच्याविषयी दुसऱ्यांनी सांगितलेलं त्याने छापलं. ‘सांगू नका हं’ म्हणणारे बहुधा स्वतःपेक्षा तिसऱ्याचंच गुपित आपल्या हवाली करत असतात, आणि तो तिसरा सही करायलाही समोर नसतो. म्हणून त्याची ठेव जास्त जपायची.

कपोटी १९८४ साली, साठी गाठायच्या आधीच, लॉस एंजेलिसला वारला. दारू आणि गोळ्यांनी तो पोखरला होता. ‘आन्सर्ड प्रेयर्स’ त्याच्यामागे निघालं ते अवघ्या तीन प्रकरणांचं. ज्यांच्या घरी तो वारला त्या जोआन कार्सन सांगत, की मरणाआधी त्याने त्यांना एका लॉकरची किल्ली दिली. उरलेली प्रकरणं तिथे आहेत म्हणाला. कुठल्या बँकेत, कुठल्या गावी, ते त्याने सांगितलं नाही. आजवर ती सापडलेली नाहीत. सगळ्यांची गुपितं उघडी करणाऱ्या माणसाने स्वतःचं एकच गुपित नीट कुलपात ठेवलं. कदाचित तो लॉकर नसेलच. पण असलाच, तर कुणाकुणाच्या ठेवी त्यात अजून सुखरूप असतील.