लांकडांतील वीज व पावलांचा हिशेब

दोन काष्ठांच्या मंथनानें अग्नि उत्पन्न करण्याची विद्या आपल्या यज्ञशाळेंत प्राचीन काळापासून चालत आली आहे. अरणींतून निघते ती उष्णता; परंतु लांकडी जमिनीवर नुसतें चाललें असतां पायांखालीं वीज उत्पन्न होईल, असें कोणीं सांगितल्यास वाचकांस ती कविकल्पना वाटेल. ती कल्पना नव्हे. स्वित्झर्लंडांतील झुरिकच्या ईटीएच विद्यापीठांतील ग्विडो पांझारासा व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं हें प्रत्यक्ष करून दाखविलें.

यांतील मूलतत्त्व शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. काचेची कांडी रेशमावर घांसली कीं ती कागदाचे कपटे उचलते. कारण दोन भिन्न पदार्थ एकमेकांस लागून विलग झाले म्हणजे एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. लांकडाची अडचण ही कीं, तें स्वभावतः उदासीन. फारसें देतही नाहीं, घेतही नाहीं. म्हणून संशोधकांनीं एका फळीवर सिलिकोनचा लेप दिला. ती इलेक्ट्रॉन घेऊं लागली. दुसरीच्या पेशींत जस्त व सेंद्रिय रेणु यांचे ‘झिफ-८’ नामक सूक्ष्म स्फटिक वाढविले. ती देऊं लागली. अशा जोडीची विद्युत्क्षमता साध्या लांकडाच्या ऐंशीपट भरली. स्प्रूस वृक्षाचें, त्रिज्येच्या दिशेनें कापलेलें लांकूड सर्वांत सरस ठरलें. दोन सेंटिमीटर रुंद व साडेतीन सेंटिमीटर लांब तुकड्यावर सुमारें पांच किलो वजनाइतका भार देतांच २४.३ व्होल्ट दाब मिळाला. लेखनाच्या कागदाएवढ्या फळीवर मनुष्य चालला, तेव्हां एलईडी दिवे व लहान गणकयंत्रें चाललीं.

चोवीस व्होल्ट हा आंकडा ऐकून मात्र हुरळून जाऊं नये. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्की ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें सहज उमजेल. डोंगरांतील झऱ्याचें पाणी भूमिगत नळांनीं आणून उंचावरून सोडीत व त्याच्या बळावर जात्याचा दगड फिरवीत. तेंच पाणी तितक्याच उंचीवरून थेंबाथेंबानें पडलें असतें, तर पीठ पडलें नसतें. व्होल्ट म्हणजे ती उंची आणि प्रवाह म्हणजे ती धार. या लांकडांत उंची आहे, धार अत्यंत बारीक आहे.

आतां हिशेब पाहूं. साठ किलो वजनाच्या मनुष्याच्या पावलाखालीं फळी एक मिलिमीटर दबली, तर सुमारें ०.६ ज्यूल ऊर्जा मिळते. पांच वॅटचा दिवा तासभर जळण्यास १८,००० ज्यूल लागतात. म्हणजे यत्किंचितही ऊर्जा वायां न जातां तीस हजार पावलें टाकावीं, तेव्हां एक तास उजेड! तेव्हां अशा जमिनीनें घराचें वीजबिल फिटेल, असें कोणी विक्रेता सांगूं लागल्यास गृहस्थानें प्रथम पाटीपेन्सिल मागवावी.

मग ही विद्या निष्फळ काय? मुळींच नाहीं. वृद्ध आईवडील रात्रीं अंधारांत उठले, तर त्यांचें पाऊल पडल्याची खूण हीच फळी, बाहेरील विजेवांचून, देऊं शकेल. त्या खुणेनें वाटेंतील दिवा लावण्याची योजना करतां येईल. घरांत कोणी पडलें तर त्याची वर्दीही अशाच मार्गानें मिळूं शकेल. एका पडण्यानें म्हातारपणाचीं उरलेलीं वर्षें अंथरुणावर जातात, हें ज्या घरानें अनुभविलें आहे, त्यास या क्षीण विजेचें मोल सांगावयास नको. अल्प शक्तीला अल्प, परंतु योग्य काम नेमून देणें, यांतच खरें शहाणपण आहे.