कल्याणचं शिंदे घराणं

घराणं म्हटलं की आपल्याला किराणा आठवतं, ग्वाल्हेर आठवतं. मी शहाडचा. आमच्या शेजारच्या कल्याणातही गाण्याचं एक घराणं आहे. त्याला घराणं म्हणायची सवय मात्र आपल्याला नाही. ते आहे शिंद्यांचं.

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे. जन्म १९३३चा. लहानपणी ते आईवडिलांबरोबर भजन-कीर्तनात गायले. पुढे मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये उभे राहिले. भजनानं त्यांच्या गळ्याला आर्जव दिलं, कव्वालीनं फेक. कव्वालीच्या सामन्यात दोन पार्ट्या रात्रभर सवाल-जवाब करत. मैदानातल्या शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही तिथली पहिली अट. प्रल्हाददादांनी ती जन्मभर पाळली.

त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतंही गायली. शहाडच्या बिर्ला मंदिरापुढे आषाढीला रांग लागते, तेव्हा लाऊडस्पीकरवर त्यांचा आवाज असतो. तोच आवाज १४ एप्रिलला वस्तीवस्तीत घुमतो. ज्यांच्या हाती कधी पुस्तक आलं नाही, त्यांना बाबासाहेब कळले ते अशा गाण्यांतून.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि चित्र पालटलं. रेडिओवर काय वाजायचं ते दुसरा कुणी ठरवी. कॅसेट आपल्या पसंतीनं घेता येई. चहाच्या टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या वरातीत ती वाजू लागली. आनंद आणि मिलिंद ही शिंदे बंधूंची जोडी याच लाटेवर घरोघरी पोचली. त्यांच्या पोपटाच्या गाण्यावर नाचली नाही अशी वरात तेव्हा विरळाच!

पुढे २००६च्या ‘जत्रा’ चित्रपटात आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी ‘कोंबडी पळाली’ गायलं. अजय-अतुल यांची तीच चाल २०१२मध्ये हिंदी ‘अग्निपथ’मध्ये गेली. आनंद यांचे चिरंजीव आदर्श २०१३च्या ‘दुनियादारी’त गायले आणि तिसरी पिढी महाविद्यालयीन मुलांच्याही ओठांवर आली.

प्रल्हाददादा २००४मध्ये गेले. त्यांची गाणी लोकांना पाठ आहेत, पण मराठी गायकांची नावं मोजताना त्यांचं नाव अनेकदा राहून जातं. गाणं देवळात आणि वस्तीत वाजलं, सभागृहात वाजलं नाही, म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. यंदा आषाढीला तो आवाज कानी आला, तर तो कुणाचा आहे हे घरातल्या मुलांना जरूर सांगा.