सतराशे रुपयांसाठी हक्क सोडू नका!

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यावर कामाला लागणारा आमचा तरुण ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारतो, "हातात किती पडतील?" पीएफ आणि ईएसआयची चौकशीही तो करतो, पण ती 'कटिंग नको' हे सांगण्यासाठी! ठेकेदार लगेच तयार होतो. तो इतक्या तत्परतेने का तयार होतो, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आयटीआय झालेला असाच एक तरुण आमच्याकडे आला. म्हणाला, "जयभीम साहेब. सहा महिन्यांनी हा ठेकेदार राहील की नाही माहीत नाही. घरी हप्ते आहेत. म्हातारपणीचा पैसा आज काय कामाचा?" आम्ही त्याला अडाणी म्हणणार नाही. ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही, तो आजची रोकडच धरणार. विमा दवाखान्यातली रांग आणि पीएफच्या अर्जासाठीचे हेलपाटे त्याने घरातच पाहिले आहेत.

तरीही हिशोब करू. पगार १४ हजार धरा. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १०५. एकूण १,७८५ रुपये कापले जातात. पण त्याच वेळी मालकाला पीएफचे १,६८० आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ४५५, असे २,१३५ रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. म्हणजे कटिंग नाकारणारा तरुण आपले १,७८५ वाचवतो आणि मालकाला वर्षाकाठी २५,६२० रुपये दान करतो! ठेकेदाराच्या हसण्याचे रहस्य हे आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातील एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले. अशा वेळी ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराला उपचार मिळतात आणि बरा होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कामावरील अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. पीएफमध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेला कामगार नोकरीत असताना गेला, तरी त्याच्या विधवेला निवृत्तिवेतनाचा हक्क पोहोचतो. नाव नसलेल्यालाही कायद्याने भरपाई आहे; पण तो त्या कारखान्यात कामाला होता, हेच आधी सिद्ध करावे लागते. पगार रोखीने, हजेरीपटावर नाव नाही. मग आम्ही वकिलांनी न्यायालयात दाखवायचे काय?

या सवलती मालकाच्या दयेतून आलेल्या नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. अदारकर यांची नेमणूक १९४३ मध्ये, त्याच काळात झाली. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. चौदा हजारांच्या पगारावर पीएफ सक्तीचा आहे. 'मला नको' असे कामगाराने लिहून दिले, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामगारांच्या संघटनाशक्तीवर घाव घालणाऱ्या तरतुदी आहेत, त्यांना आमचा विरोध आहेच. पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे त्यांनी बंधनकारक केले आहे. ते मागा. यूएएन क्रमांक एकदा मिळाला की ठेकेदार बदलला तरी तोच चालतो. तो घ्या आणि मालकाचा वाटा जमा होतो का, हे मोबाईलवर दर महिन्याला तपासा.

एकट्याने मागाल तर उद्या गेटवर दुसरा उभा असेल, हे आम्ही जाणतो. म्हणून वस्तीवस्तीतील विहारांत रविवारी वंदनेनंतर अर्धा तास पगारपत्रके वाचा. एका कारखान्यातील वीस पोरांनी एका सहीने अर्ज दिला, तर वीस जणांना काढणे सोपे नसते. 'संघटित व्हा' याचा कारखान्याच्या गेटवरचा अर्थ हाच आहे!