पदवीचे माप आणि बाजाराची शर्यत

आम्ही कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांत मागच्या रांगेत बसून. अशा माणसाने विद्यापीठांच्या धोरणावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. बारा वर्षे लेथवर काम केलेला आमचा एक टर्नर कारखाना बंद पडल्यावर परगावी गेला, तेव्हा तेथे त्याला हेल्पर म्हणूनच घेतले. हात तेच, कसब तेच. पण ते मोजणारे माप गावाची वेस ओलांडू शकले नाही.

युरोपातील विद्यार्थ्यांची अडचण हीच होती. इंग्लंडात तीन वर्षांत पदवी मिळे, तर जर्मनीत सुमारे पाच वर्षांनी एकच ‘डिप्लोम’ हाती येई. एकाच्या कागदाची किंमत दुसऱ्या देशाने कशी करावी? १९९८ साली फ्रान्स, जर्मनी, इटली व ब्रिटन यांच्या शिक्षणमंत्र्यांनी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात यावर पहिले पाऊल टाकले. १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हा कायद्याने बांधणारा तह नव्हे; प्रत्येकाने स्वेच्छेने पाळावयाचा करार. आज त्यात ४९ देश आणि शिवाय युरोपीय आयोग सदस्य आहेत. पैकी रशिया व बेलारूस यांचा सहभाग २०२२ मध्ये स्थगित झाला.

कराराची रचना साधी आहे. आधी पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग डॉक्टरेट. वर्षाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ६०. आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम. यात विशेष असे की, हा हिशेब प्राध्यापकाच्या तासिकांचा नसून विद्यार्थ्याच्या श्रमाचा आहे. वर्गात बसणे, घरी वाचणे, परीक्षेची तयारी हे सर्व त्यात येते. श्रमाचे मोल श्रमाच्या तासांवरून ठरावे, ही गोष्ट कामगाराला समजावून सांगावी लागत नाही.

मग वाद कशाचा? मार्च २००० मध्ये युरोपीय संघाच्या नेत्यांनी लिस्बन येथे ठरविले की, २०१० पर्यंत आपली ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था जगात सर्वांत स्पर्धाक्षम करावयाची. ते उद्दिष्ट काही साधले नाही. पण विद्यापीठाकडे बाजाराच्या शर्यतीतील घोडा म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र बळावली. उलट २००१ साली प्राग येथे याच बोलोन्या देशांच्या मंत्र्यांनी उच्च शिक्षण हे सार्वजनिक हित व सार्वजनिक जबाबदारी असल्याचे मान्य केले. एकाच गाडीला असे दोन बैल जुंपले गेले. २००९ साली व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे मोठे सभागृह ताब्यात घेतले, जर्मनीत शिक्षणसंप झाले. अभ्यास कोंबून भरला जातो, विचाराला उसंत उरत नाही, ही तक्रार त्यांत होती.

चर्चेच्या मेजाभोवती कोण बसतो, हे आम्ही नेहमी आधी पाहतो. विद्यार्थ्यांच्या संघटनेला २००१ पासून सल्लागाराचे स्थान मिळाले. शिक्षकांच्या संघटनेला व मालकांच्या संघटनेला २००५ मध्ये, एकाच बैठकीत. ही जागा मिळाली म्हणूनच शुल्क, शिष्यवृत्ती, गरिबांचा प्रवेश हे विषय निदान कागदावर राहिले. शुल्क किती घ्यावे, हे मात्र ज्या त्या देशावरच सोपविलेले आहे.

आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची पेढी आणली आहे. समान माप हवेच. त्यावाचून आमच्या टर्नरसारखी गत होते. परंतु ६० श्रेयांक म्हणजे वर्षाला किमान १,५०० तास. रात्रपाळी करणाऱ्या मुलाने ते कोठून आणावेत? माप सर्वांना सारखे दिले आणि वेळ मात्र ज्याच्या त्याच्या खिशावर सोडला, तर त्या मापाने फक्त अंतर मोजले जाईल, ते कमी होणार नाही. म्हणून नव्या मापाचे स्वागत करताना आपण वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि सायंकाळचे वर्ग यांची मागणीही त्याच दमात केली पाहिजे.